घोटा कुणाचा मोडतो, आणि का

गेल्या आषाढात माझी मावशी पडली. मागल्या दारची पायरी उतरत होती, हातात घासलेल्या भांड्यांची पाटी होती आणि जांभ्याच्या चिऱ्यावर शेवाळ धरलेलं होतं. उजवा पाय आत मुडपला आणि सगळं अंग त्याच्यावरून फिरलं. "कट्कन वाजलं गो," असं ती अजून सांगते. तरी घरात पहिलं निदान झालं ते पाय मुरगळल्याचं. आंबेहळदीचा लेप बसला. वाडीतल्या एका जाणत्या माणसाने तेल लावून पाय चोळला, बोटं ओढून पाहिली. तिसऱ्या दिवशी पाऊल काळंनिळं पडलं, सूज पोटरीपर्यंत चढली, तेव्हा कुठे एक्स-रे निघाला. घोट्याची आतली आणि बाहेरची, दोन्ही हाडं मोडली होती.

मावशी ६३ वर्षांची. भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच कारण सांगितलं: कॅल्शियम कमी पडलं, या वयात हाडं ठिसूळ होतातच. मी गेली १४ वर्षं फिजिओथेरपी करते, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे होकारासाठी पाहिलं. मला तो देता आला नाही. खुब्याच्या किंवा मणक्याच्या फ्रॅक्चरबद्दल हे उत्तर बरंचसं खरं असतं. घोट्याबद्दल ते अपुरं आहे, आणि त्या अपुऱ्या उत्तरामुळे माणसं गोळ्या घेत राहतात आणि पुन्हा त्याच पायरीवरून पडतात.

आधी घोटा म्हणजे काय

आपण ज्याला घोटा म्हणतो ती पायाच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारी हाडाची टेंगळं. ती एकाच हाडाची नाहीत. आतल्या बाजूचं टेंगूळ हे नडगीच्या जाड हाडाचं खालचं टोक. बाहेरच्या बाजूचं टेंगूळ हे त्या हाडाशेजारून जाणाऱ्या बारीक हाडाचं, म्हणजे फिबुलाचं, टोक. या दोन टोकांच्या मधल्या खाचेत टॅलस नावाचं पावलाचं हाड बसलेलं असतं. सुताराने चौकटीला खाच पाडून त्यात लाकूड घट्ट ठोकून बसवावं, तसं. फरक इतकाच की हे लाकूड दिवसभर पुढेमागे हलत राहतं आणि चौकट लिगामेंट नावाच्या चिवट पट्ट्यांनी बांधलेली असते.

या सांध्यावर किती भार येतो याची आपल्याला कल्पना नसते. साधं चालताना घोट्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे पाचपट दाब येतो. ७० किलोच्या माणसाचा घोटा प्रत्येक पावलाला साडेतीनशे किलोच्या आसपास भार पेलतो, आणि तो पेलणारा पृष्ठभाग खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या मानाने लहान असतो. हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं, कारण टॅलस खाचेत अगदी नेमका बसलेला असतो. १९७६ साली झालेल्या एका प्रयोगात टॅलस जागेवरून बाहेरच्या बाजूला फक्त १ मिलिमीटर सरकवला, तर वरच्या हाडाशी त्याचा स्पर्श होणारा भाग सरासरी ४२ टक्क्यांनी कमी झाला. पुढच्या काही प्रयोगांत हा परिणाम इतका मोठा दिसला नाही. तरी घोट्याचं हाड "साधारण जुळलंय" एवढ्यावर सर्जन समाधान का मानत नाहीत, हे त्यावरून कळतं.

आणखी एक बारकावा सांगते, कारण पुढे तो कामाला येणार आहे. टॅलस वरून पाहिला तर पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. पाऊल वर उचललेलं असेल तेव्हा रुंद भाग खाचेत येतो आणि सांधा पक्का होतो. पाऊल खाली वळलेलं असेल, म्हणजे चवडे खाली आणि टाच वर, तेव्हा अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. आता जिना उतरतानाचं पाऊल डोळ्यांसमोर आणा. किंवा गडाची उतरण. किंवा उंच टाचांची चप्पल. चढताना घोटा मोडल्याचं क्वचित ऐकू येतं. उतरताना मोडल्याचं नेहमी.

मोडतो तो पिळामुळे

घोट्यावर काही पडून तो मोडणं हे तुलनेने कमी. बहुतेक वेळा पाऊल जमिनीला रुतलेलं असतं आणि अंग त्याच्यावरून फिरतं. १९५० च्या सुमारास लाउगे-हान्सेन नावाच्या डॅनिश डॉक्टरने याचा पद्धतशीर अभ्यास केला. पाय एका जागी पक्का धरायचा आणि वेगवेगळ्या दिशांना पीळ द्यायचा, मग कोणतं हाड आधी मोडतं, कोणतं लिगामेंट मागून तुटतं, हे पाहायचं. त्याने मांडलेली विभागणी डॉक्टर आजही वापरतात. सर्वांत जास्त सापडणारा प्रकार म्हणजे मावशीचाच: पाऊल आत मुडपलेलं आणि अंग उलट बाजूला फिरलेलं. असा पीळ आधी पुढचं लिगामेंट तोडतो, मग बाहेरचं हाड तिरकं, जिन्याच्या वळणासारखं मोडतो, मग मागची बाजू, आणि जोर उरलाच तर आतलं टेंगूळ ओढून तोडतो. जोर जिथे संपेल तिथे दुखापत थांबते.

म्हणूनच घोट्याची सगळी फ्रॅक्चर सारखी नसतात. स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरात १,५०० रुग्ण तपासले तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांचं एकाच बाजूचं हाड मोडलेलं होतं, पाव हिस्सा लोकांची दोन्ही बाजू, आणि ७ टक्के लोकांची मागची कडासुद्धा. जखम उघडी होऊन हाड बाहेर दिसण्याचं प्रमाण २ टक्के. एका बाजूचं आणि सांधा जागेवर असलेलं फ्रॅक्चर बहुधा पट्टा किंवा प्लास्टर लावून भरतं. दोन्ही बाजूंचं असेल तर चौकटच खिळखिळी झालेली असते, आणि मग बऱ्याचदा प्लेट आणि स्क्रू लागतात.

किती लोकांचा मोडतो

पुष्कळ लोकांचा. एडिंबराच्या साल २००० च्या नोंदींत सगळ्या फ्रॅक्चरपैकी सुमारे ९ टक्के घोट्याची होती. म्हणजे अकरातलं एक. मनगट, तळहाताची हाडं, खुबा आणि बोटं यांच्यानंतर घोट्याचाच नंबर. लोकसंख्येच्या हिशेबात ते दर लाख प्रौढांमागे वर्षाला सुमारे १०० होतं. उत्तर डेन्मार्कमध्ये २००५ ते २०१४ या दहा वर्षांतली ९,७६७ घोट्याची फ्रॅक्चर मोजली गेली. तिथे हा आकडा लाखामागे वर्षाला सुमारे १६९ निघाला.

हे आकडे उचलून पुण्याला किंवा कोल्हापूरला लावायचे नाहीत. तिकडची लोकसंख्या आपल्यापेक्षा म्हातारी, हिवाळ्यात फुटपाथवर बर्फ, आणि आपल्याकडे दुचाकी, खड्डे आणि चार महिन्यांचा पाऊस. पण अंदाज यायला हरकत नाही: १०० ते १७० चा दर धरला तर दहा लाखांच्या शहरात दिवसाला तीन ते पाच घोटे मोडतात.

आकड्यांपेक्षा मला त्यांतलं वयाचं चित्र जास्त बोलकं वाटतं. घोट्याच्या फ्रॅक्चरचे दोन उंचवटे आहेत. पहिला तरुण पुरुषांचा, साधारण विशीच्या आगेमागे: खेळ, गाड्या, उड्या, धाडस. दुसरा पाळी गेलेल्या बायकांचा, साठीच्या आसपास. आणि इथेच घोटा खुब्यापासून वेगळा होतो. खुब्याचं फ्रॅक्चर साठीनंतर वाढत जातं आणि ऐंशीत झपाट्याने वाढतं. घोट्याचं तसं ऐंशीकडे चढत जात नाही. हाडांचा ठिसूळपणा हेच मुख्य कारण असतं, तर ऐंशीच्या आजीचा घोटा साठीच्या बाईपेक्षा कितीतरी जास्त वेळा मोडायला हवा होता.

मग साठीत का? माझ्या मते सरळ कारण हे की साठीची बाई चालते. बाजारात जाते, देवळाच्या पायऱ्या चढते, अंगणात वावरते, नातवामागे धावते. तिची पावलं वेगात पडतात आणि पडली तर पुढे पडते, पाय पिळवटून. ऐंशीची आजी घरात हळू फिरते आणि पडली तर बाजूला कोसळते, खुब्यावर. म्हणून बाई साठीला आली की तिला "आता जरा घरात बस" म्हणणाऱ्यांशी मी भांडते. घरात बसून घोटा वाचेल कदाचित. पण स्नायू जातील, तोल जाईल आणि वीस वर्षांनी खुबा जाईल.

वजनाची गोष्ट

जाड माणसाची हाडं मजबूत असतात, त्यामुळे ती मोडत नाहीत, हा समज नुसता घरगुती नव्हता. वैद्यकातही तो बराच काळ होता. जास्त वजनाने हाडांची घनता वाढते हे खरं, आणि कमरेभोवतीची चरबी खुब्याला गादीसारखी वाचवते हेही खरं. पण २०११ साली १० देशांतल्या ५५ वर्षांवरच्या ६०,३९३ बायकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात उलटं चित्र दिसलं: लठ्ठ बायकांचे घोटे इतरांपेक्षा जास्त मोडत होते. मनगटं मात्र कमी मोडत होती. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या बायकांवर झालेल्या एका जुन्या अभ्यासातही घोटा मोडलेल्या बायकांचं वजन जास्त होतं, आणि वर्षभरात आधी पडून गेल्याची नोंदही त्यांच्यात जास्त होती.

कारण समजून घ्यायला वर सांगितलेली चौकट पुरे आहे. माणसाचं वजन २० किलोने वाढलं म्हणून त्याची खाच आणि टॅलस मोठे होत नाहीत. घोटा तेवढाच राहतो, पिळणारं अंग मोठं होतं. घोट्याभोवती चरबीची गादीही नसते, तिथे कातडीखाली लगेच हाड. त्यात वजन जास्त असलेली माणसं पडतातही जास्त, आणि त्यांचं फ्रॅक्चर बऱ्याचदा जास्त गुंतागुंतीचं निघतं.

हे लिहिताना मला माझ्या रुग्ण बायकांचे चेहरे दिसतात, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहिते. यात कुणाला दोष देण्याचा हेतू नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर चार बायकांपैकी जवळजवळ एकीचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळलं. स्वतःसाठी अर्धा तास काढणं ज्या घरात चैन समजली जाते तिथे हे घडणारच. पण धोका आहे, आणि तो माहीत असला पाहिजे. चार-पाच किलो कमी झाले तरी चालताना प्रत्येक पावलाला घोट्यावरचा वीस-पंचवीस किलोंचा दाब उतरतो. पाचपटीचा हिशेब तुम्हीच करून पाहा.

साखर, आणि पायाला न कळणं

मधुमेहाने घोट्याला दोन बाजूंनी धोका होतो. जुन्या मधुमेहात पावलांच्या नसा मंदावतात. पाय जमिनीवर नीट टेकलाय की वाकडा पडलाय, हे मेंदूला क्षणभर उशिरा कळतं, आणि पाय मुडपायला तो क्षण पुरतो. नजर अधू होते, रात्री उठावं लागतं, साखर एकदम उतरली तर गरगरतं. या सगळ्याने माणूस पडतो.

दुसरी बाजू फ्रॅक्चरनंतरची, आणि तिची मला जास्त काळजी वाटते. ज्याच्या पायाला संवेदना कमी आहे त्याला मोडलेल्या घोट्याचंही पुरेसं दुखत नाही. तो त्यावर चालत राहतो. हाड सरकतं, आणि कधी कधी पावलाची सगळी ठेवणच ढासळते. मधुमेह्यांचं हाड भरायला वेळही जास्त लागतो आणि ऑपरेशनच्या जखमेत संसर्गाचा धोका मोठा. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर असल्याचं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. तेव्हा घरात जुना मधुमेह असलेलं माणूस पडलं आणि "फारसं दुखत नाही" म्हणालं, तर त्या शब्दावर विसंबू नका. पाय सुजला असेल तर एक्स-रे काढाच.

बाकीच्या कारणांची यादी लांबवत नाही. धूम्रपान, दारू, झोपेच्या गोळ्या, एकाच वेळी चार-पाच औषधं चालू असणं, आणि आधी कधी एखादं हाड मोडलेलं असणं, हे सगळं धोका वाढवतं. तंबाखूचा धूर हाड भरण्यातही आडवा येतो. हाडांची घनता मी बाद करत नाही. पाळी गेल्यावर ती तपासावी, ड जीवनसत्त्व पाहावं. फक्त घोट्याच्या बाबतीत ती यादीच्या मध्ये बसते, माथ्यावर नाही.

तरुण पाय, लहान पाय

मावशीमुळे मी साठीबद्दल जास्त बोलले. पण पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी गडावर जाणारी विशीतली मुलं हा दुसरा उंचवटा आहे. वर जाताना दम, सेल्फी, पाऊस, आणि परत येताना दमलेल्या मांड्या. दमलेला स्नायू घोटा सावरायला उशिरा येतो. उतरताना पाऊल खाली वळलेलं, सांधा सैल, खाली ओला कातळ. पुढचा मुलगा पळत उतरला म्हणून मागचेही पळतात. माझ्याकडे येणारे ट्रेकर जवळजवळ सगळे उतरतानाचे असतात. व्हॉलीबॉल-बास्केटबॉलमध्ये उडी मारून दुसऱ्याच्या पावलावर उतरणं, कबड्डीत पकडीत अडकलेल्या पायावरून अंग फिरणं, यांतही तोच पीळ.

दुचाकीचा घोटा वेगळा. तिथे पिळापेक्षा मार असतो, गाडीखाली पाय चेमटतो, आणि जखम उघडी असण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे आणखी एक दुखापत फार होते आणि ती पूर्ण टाळता येण्यासारखी आहे: सायकलच्या किंवा मोटरसायकलच्या मागे बसलेल्या लहान मुलाचा पाय चाकाच्या आऱ्यांत जाणं. मागच्या चाकाला जाळी लावा. मुलाला पाय ठेवायला पायरी नसेल तर त्याला मागे बसवू नका.

वाढत्या मुलांत हाडाच्या टोकाजवळ वाढीची चकती असते आणि ती लिगामेंटपेक्षा कमजोर असते. मोठ्या माणसाचं जिथे लिगामेंट ताणलं जाईल, तिथे बारा वर्षांच्या मुलाची ती चकती फाटू शकते. एक्स-रेवर ते कधी कधी पुसटच दिसतं. म्हणून "मुलांचं काय, मुरगळला असेल, दोन दिवसांत पळेल" हे वाक्य मुलांच्या घोट्याबाबत वापरू नये.

मुरगळला की मोडला

पाय मुडपून दवाखान्यात येणाऱ्यांपैकी खरंच हाड मोडलेले १५ टक्क्यांहून कमी असतात. म्हणजे मावशीच्या घरच्यांचा अंदाज आकड्यांच्या हिशेबाने वेडगळ नव्हता. पण अंदाज बांधायची एक चांगली रीत उपलब्ध आहे. १९९२ साली कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली. ती सूज किती आहे हे विचारत नाही, काळंनिळं किती पडलंय हेही विचारत नाही.

दोन्ही टेंगळांच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, हाडावरच बोटाने दाबून पाहायचं. हाड दुखलं तर एक्स-रे. आणि पडल्यावर लगेच आणि दवाखान्यात, अशा दोन्ही वेळा चार पावलं टाकता आली नाहीत, तरी एक्स-रे. पावलाच्या मध्यभागी दुखत असेल तर बाहेरच्या कडेला करंगळीच्या मागचं हाड आणि आतल्या कमानीवरचं हाडही असंच दाबून पाहायचं. २००३ साली या नियमावरचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले गेले. नियमाने "मोडलं नाही" म्हटलेल्यांत फ्रॅक्चर निघायचं प्रमाण २ टक्क्यांहून कमी होतं. लहान मुलं, दारू प्यायलेलं माणूस, आणि पायाची संवेदना गेलेले मधुमेही यांना मात्र हा नियम लावू नये, कारण दुखण्याचं त्यांचं उत्तर भरवशाचं नसतं.

"चालता येतंय म्हणजे मोडलेलं नाही" हे खोटं आहे. फक्त बाहेरचं बारीक हाड मोडलं असेल तर लंगडत का होईना माणूस चालतो. दुसरीकडे, पाऊल वाकडं दिसत असेल, बोटं गार किंवा पांढरी पडली असतील, बधिर झाली असतील किंवा जखम उघडी असेल, तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं. सांधा निखळलेला असेल तर वरची कातडी ताणून मरू शकते.

आणि चोळू नका. आंबेहळदीच्या लेपाने नुकसान होत नाही. पण मोडलेल्या हाडावर तेल लावून रगडणं, बोटं ओढणं, "शीर बसवणं" याने सरळ राहिलेलं हाड सरकू शकतं. पुठ्ठा किंवा उशी पायाखाली ठेवून ओढणीने सैलसर बांधा, पाय उंच ठेवा, फडक्यात गुंडाळून बर्फ लावा आणि न्या. न्यायच्या पद्धतीवरून आठवलं: अठराव्या शतकात लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट नावाचे सर्जन होते, घोट्याच्या एका फ्रॅक्चरला आजही त्यांचं नाव आहे. १७५६ साली ते घोड्यावरून पडले आणि पाय मोडला. त्यांनी कुणाला उचलू दिलं नाही. तिथेच एक दार विकत घेतलं, पालखीच्या दांड्या त्याला ठोकून घेतल्या आणि त्यावर आडवं होऊन घरी गेले. पाय वाचला.

पुन्हा मोडू नये म्हणून

प्लास्टर निघाल्यावर बहुतेकांना वाटतं काम झालं. हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत धरतं. पण सूज महिनोन्‌महिने येत-जात राहते, आणि तोल आपोआप परत येत नाही. तो शिकवावा लागतो. ओट्याला एक हात लावून दुखऱ्या पायावर तीस सेकंद उभं राहा, मग हात सोडून, मग डोळे मिटून. वयस्कर लोकांत व्यायाम केल्याने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं, असं २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात निघालं. हे काम औषधाच्या गोळीने झालं असतं तर ती गोळी घराघरात असती.

मावशीच्या हाडांची घनता आम्ही तपासली. तिच्या वयाला शोभेल अशीच होती. साखर आठ वर्षं जुनी, वजन ७८ किलो, दोन्ही आधीच माहीत. चपलेचा तळ गुळगुळीत झालेला. तरी मला समाधान होईना, कारण ती ती पायरी चाळीस वर्षं उतरत आली आहे, शेवाळासकट. मग एके दिवशी तिला जिना उतरायला शिकवत होते, तर ती प्रत्येक पायरीशी थबकून मान खाली घाले आणि चष्म्यावरून पाहायचा प्रयत्न करी. विचारलं. पडायच्या तीन आठवडे आधी तिला नवा दुहेरी भिंगाचा चष्मा मिळाला होता. त्या चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो, हातभर अंतरासाठी. त्यातून खाली पाहिलं की पायरीची कडा धूसर दिसते. "पायरी आहे तिथे नव्हतीच," असं ती म्हणाली, आणि हे तिने आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आता घरात वावरताना ती फक्त लांबचा नंबर असलेला वेगळा चष्मा घालते. मागल्या दारी दर पंधरा दिवसांनी ब्लिचिंग पावडर टाकून चिरे खराट्याने घासले जातात, आणि भांड्यांची पाटी धुऊन झाल्यावर मावसभाऊ आत आणतो.